ओव्हरयुनिटीची उधारी

जळालेली मोटर घेऊन दुकानात येणारा माणूस पहिलं वाक्य खोटं बोलतो, हे मी एकतीस वर्षांच्या अनुभवावरून लिहून देते. "ताई, चालू होती अन् एकदम बंद पडली, आमी काहीच नाही केलं." कुणीच कधी काही केलेलं नसतं. मोर्शीकडचे एक संत्रावाले तर मोटर पोत्यात बांधून घेऊन आले आणि म्हणाले, हिले नजर लागली. मी छिन्नीनं कॉइल कापल्या, ओढून बाहेर काढल्या आणि त्यांच्यासमोर वर्तमानपत्रावर मांडल्या. सगळ्या सारख्या काळ्या. म्हटलं, "दादा, नजर अशी चारही बाजूनं सारखी लागत नाही. हिच्याकडून विहिरीतला गाळ उपसून घेतला ना?" ते हसले, टोपी काढून डोकं खाजवलं आणि कबूल झाले.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. मोटरच्या पोटात लोखंडाच्या खाचा असतात आणि त्या खाचांत तांब्याच्या तारेचे वेढे भरलेले असतात. मोटर जळते म्हणजे ते वेढे जळतात. जुने कापून काढायचे, मोजायचे, तेवढ्याच जाडीच्या तारेचे तेवढेच वेढे पुन्हा भरायचे, वार्निश पाजायचं आणि भट्टीत वाळवायचं, हे माझं काम. याला वाइंडिंग म्हणतात. काढलेल्या कॉइल बघितल्या की मोटर का जळली ते कळतं. सगळ्या काळ्या असतील तर झेपेना एवढं ओझं टाकलेलं असतं. ठरावीक कॉइल काळ्या आणि बाकीच्या नव्यासारख्या असतील, तर विजेच्या तीन फेजपैकी एक गेलेला असताना कुणीतरी मोटर तशीच रेटलेली असते. एकाच जागी भोक पडलं असेल तर चूक वाइंडिंग करणाऱ्याची. तशी मोटर मी एक पैसा न घेता पुन्हा भरून देते. एकतीस वर्षांत अशा किती निघाल्या ते सांगणार नाही, पण फार नाहीत.

दुकान सुरू केलं आमच्या यजमानांनी, अमरावतीत, राजापेठेच्या पुढे. मी शेजारी बसून शिकले. ते गेल्यावर लोकांनी परस्पर ठरवून टाकलं की आता दुकान बंद होणार. एकानं तर भट्टीचा भावही विचारला. मी त्याला चहा पाजला आणि वाटेला लावलं.

संपादकांनी सांगितलं होतं, धंद्यातल्या गमतीजमती लिहा. गमती पुष्कळ आहेत. पण सध्या माझं डोकं तापलेलं आहे, आणि तापल्या डोक्यानं गमती सुचत नाहीत. म्हणून मी त्या ऊर्जा परिवाराबद्दल लिहिणार आहे. त्यातही गंमत आहे म्हणा, ज्याचे पैसे बुडाले नाहीत त्याच्यासाठी.

पिंपळकर सर माझ्याकडे पहिल्यांदा आले ते एक जुना अल्टरनेटर घेऊन. अल्टरनेटर म्हणजे मोटरचं उलटं काम करणारं यंत्र. ते फिरवलं की त्यातून वीज निघते. सर अमरावतीच्या एका शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेले. स्वच्छ पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं, बोलणं हळू आणि नेमकं. मला "ताई, आपण" म्हणणारं गिऱ्हाईक माझ्या दुकानात वर्षातून एखादं येतं. सर म्हणाले, "ताई, आम्ही काही मंडळी एक यंत्र तयार करत आहोत. एक युनिट वीज घालायची आणि तीन युनिटं काढायची."

मी म्हटलं, "सर, तुमी शाळेत तर वेगळंच शिकवलं असन."

त्यांना राग आला नाही. ते म्हणाले, "शिकवलं, आणि अडतीस वर्षं शंका घेत राहिलो." मला तो माणूस आवडला. आजही सरांबद्दल माझ्या मनात वाईट नाही. त्यांनी स्वतःचा प्लॉट विकून त्या यंत्रात घातला आहे.

यंत्राची रचना साधी होती. घरच्या विजेवर एक मोटर चालवायची. मोटरनं एक भलंमोठं लोखंडी चाक फिरवायचं. चाकानं अल्टरनेटर फिरवायचा. सरांचं म्हणणं असं की चाकात जो जोर साठतो तो मोटरनं दिलेल्या जोरापेक्षा जास्त असतो, आणि तो जास्तीचा जोर अल्टरनेटरनं विजेच्या रूपात बाहेर काढायचा. अशा यंत्राला इंग्रजीत ओव्हरयुनिटी म्हणतात. युनिटी म्हणजे एक. जेवढं घातलं तेवढं निघालं तर एक, आणि जास्त निघालं तर एकाच्या वर, म्हणून ओव्हर. हे मला सरांनीच समजावून सांगितलं. पुढे या शब्दाचं जे काय झालं ते तुम्हाला कळेलच.

चाक करायला खरादी, म्हणजे लेथवर लोखंड कातणारा माणूस, पाहिजे होता. चाक साधंसुधं नव्हतं, एका बाजूला जरा जरी जड झालं तर फिरताना त्यानं सगळं यंत्र उखडून फेकलं असतं. मी अकोल्याच्या खंडारे भाऊंचं नाव सुचवलं. खंडारे भाऊंचं एमआयडीसीत छोटं वर्कशॉप आहे, एक लेथ आणि एक ड्रिल. शाफ्ट, म्हणजे मधला फिरणारा दांडा, झिजलेल्या मोटरी त्यांच्याकडे येतात, शाफ्ट ते करतात आणि वाइंडिंगला माझ्याकडे पाठवतात. असा आमचा वीस वर्षांचा संबंध. माणूस इतका काटेकोर की केसाएवढा फरक असला तरी केलेलं काम भंगारात टाकून नव्यानं करायला घेतात.

भाऊ फोनवर म्हणाले, "ताई, चाक करून देतो. पण एवढं लोखंड मले व्यापाऱ्याकडून उधारीवर उचला लागन. पार्टी कशी हाये?"

मी म्हटलं, "बिनधास्त करा भाऊ. शिकलेली मानसं हायेत. पैसे बुडवनार नाहीत."

हे वाक्य माझं आहे. दुसऱ्या कुणाच्या तोंडी मला ते घालता येत नाही.

चाक झालं, अल्टरनेटर भरून झाला, आणि एका रविवारी अमरावतीत सरांच्या गॅरेजमध्ये यंत्र पहिल्यांदा चाललं. पंचवीसेक माणसं जमली होती, हाच तो ऊर्जा परिवार. बँकेतले, शाळांतले, एक होमिओपॅथीचे डॉक्टर, हिवरखेडचे एक मेडिकल स्टोअरवाले. चाक असं फिरलं की त्यावर रुपया उभा ठेवावा. खंडारे भाऊ कोपऱ्यात हात मागे बांधून उभे होते आणि चाकावरून त्यांची नजर हलत नव्हती. मग सरांनी अल्टरनेटरला पाण्याच्या पंपाच्या तीन मोटरी जोडल्या. पंप नाही, नुसत्या मोटरी. त्या फिरायला लागल्या. सरांनी तारेला चिमट्याचा मीटर लावला, अँपिअर वाचले, व्होल्टनं गुणले आणि फळ्यावर आकडा लिहिला. आत घातलेल्या विजेच्या जवळजवळ तिप्पट. टाळ्या पडल्या. डॉक्टरांच्या डोळ्यांत पाणी आलं.

मी टाळी वाजवली नाही, कारण मला कळलं होतं.

हे कळायला शाळा लागत नाही. कुठल्याही वाइंडिंगवाल्याला विचारा. मोटर भरून झाली की आम्ही ती रिकामी फिरवून बघतो, पंप न लावता. रिकामी मोटर चिमट्याच्या मीटरवर भरपूर अँपिअर दाखवते, पण काम काहीच करत नसते, म्हणून घरच्या विजेचं मीटर तिच्यासाठी जेमतेम हलतं. तो आकडा नुसता दिसायचा असतो. सर आत जाणारी वीज घरच्या मीटरवर मोजत होते, आणि बाहेर येणारी चिमट्यानं. दोन मापं, दोन तऱ्हा. खरी परीक्षा करायची तर पाणी तापवायचा हीटर लावायचा. हीटर फसवत नाही, जेवढं घेतो तेवढं जाळतो.

मी सरांना बाजूला घेऊन म्हटलं, "सर, एकदा हीटर लावून पाहू का?"

सर म्हणाले, "ताई, हीटर ही जुन्या विज्ञानाची भाषा झाली. या यंत्राला फिरणारं ओझंच मानवतं."

आणि मी गप्प बसले. का, ते आता सांगते, कारण लपवण्यात अर्थ नाही. त्याच दिवशी सरांनी मला आणखी दोन अल्टरनेटरचं काम दिलं होतं, आगाऊ रक्कम देऊन. शिवाय शिकलेल्या माणसांच्या त्या घोळक्यात मला पहिल्या रांगेत खुर्ची मिळाली होती. अमरावतीत वाइंडिंग करणाऱ्या बाईला कुणी खुर्ची देत नाही. मला ती बरी वाटली.

पुढे परिवाराचे सचिव झाले ठोसर वकील. इंग्रजीशी त्यांचा संबंध कोर्टापुरता. त्यांनी परिवाराचं माहितीपत्रक काढलं आणि त्यात ओव्हरयुनिटीचं मराठी केलं 'परम एकी'. युनिटी म्हणजे एकी, ओव्हर म्हणजे फार. सरांनी चूक दाखवायला हवी होती. दाखवली नाही. मला वाटतं त्यांना तो शब्द ऐकायला छान वाटला. मग बॅनर झाला, 'परम एकीतून परम ऊर्जा'. दर बैठकीला सगळ्यांनी चाकावर हात ठेवून म्हणायचं, आम्ही एक आहोत. इथपर्यंत मला हसू येत होतं. पण वकिलांनी त्या शब्दाचं शस्त्र केलं. यंत्राचा आकडा कमी आला की ते उभे राहायचे आणि सांगायचे, "आपल्यात कुठंतरी एकी कमी पडून राहिली. कुनाच्या मनात काय हाये ते यंत्राले समजते." आणि माणसं मान डोलवायची. बी. एस्सी. झालेली माणसं.

एक शब्द चुकीचा वाचला म्हणून पैसे मागणारा माणूस यंत्राचा शत्रू ठरतो, हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलं आहे. हिवरखेडच्या मेडिकलवाल्यांनी परिवाराला आठ बॅटऱ्या वापरायला दिल्या होत्या. वर्षानं त्यांनी त्या परत मागितल्या. परिवाराच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर वकिलांचा मोठा निरोप आला, मीपणाबद्दल आणि समर्पणाबद्दल, आणि संध्याकाळपर्यंत मेडिकलवाले ग्रुपबाहेर. तोवर परिवाराच्या दोन शाखा झाल्या होत्या, अकोला आणि अमरावती, आणि पुढे त्यांच्यात वाजलं. हॉलचं भाडं कुणी भरायचं यावरून. अकोलावाल्यांनी चाक आपल्याकडे ओढून नेलं आणि अमरावतीवाल्यांनी अल्टरनेटर सोडला नाही. परम एकीचं यंत्र वर्षभर दोन जिल्ह्यांत पडून होतं, आणि दोन्हीकडे दर रविवारी आम्ही एक आहोत म्हणणं चालूच होतं.

या सगळ्यात खंडारे भाऊंचे पैसे अडकले. पहिल्या चाकाचे अर्धे मिळाले होते. नंतर आणखी एक चाक, तीन शाफ्ट, बेअरिंगच्या बैठका, असं करत करत उधारी एक लाख अडतीस हजारांवर गेली. माझेही बावीस हजार होते, पण माझ्याकडे दुसरी कामं होती. भाऊंची गोष्ट वेगळी. लोखंडाच्या व्यापाऱ्यानं त्यांना सांगून टाकलं होतं की दसऱ्यापर्यंत पैसे आले नाहीत तर लेथ उचलून नेतो. लेथ गेला की खंडारे भाऊंचं वर्कशॉप म्हणजे चार भिंती आणि एक ड्रिल.

ते मला फोन करायचे. व्यापाऱ्याला शिव्या नाही, परिवाराला नाही. "ताई, जरा तुमच्या तोंडानं विचारा. मले त्याइच्याशी बोलाचा भेव वाटते. मी काही बोललो अन् यंत्रच नाही चाललं तर म्हनतील खंडारेमुळं नाही चाललं."

मी वकिलांना फोन केला. त्यांचं उत्तर असं, "ताई, खंडारे कारागीर मानूस हाये, त्याले समजत नाही. पन तुमी तर परिवारातल्या. तुमी बी पैशाची भाषा करून राहिल्या?"

मी म्हटलं, "वकीलसाहेब, तुमी वकीलपत्र फुकटात घेता काय?"

ते म्हणाले, दसऱ्याआधी अकोल्यात मोठा मेळावा आहे, तिथं खंडारेंचा विषय कायमचा मिटवतो. मला खरं वाटलं. मी भाऊंना कळवलं, या, पैसे मिळतील. दुसऱ्यांदा मीच शब्द दिला.

मेळावा जठारपेठेतल्या एका मंगल कार्यालयात होता. दोन्ही शाखा आल्या होत्या, अमरावतीहून अल्टरनेटर आला होता आणि वर्षानं यंत्र पुन्हा जोडून चालू केलं होतं. खंडारे भाऊ इस्त्रीच्या शर्टात, वहिनी नव्या साडीत. दोघंही मागच्या रांगेत. सर भाषणात म्हणाले, "आपल्या यंत्राचे साक्षात विश्वकर्मा, खंडारे भाऊ." भाऊ बौद्ध, घरात बुद्धमूर्ती, पण ते कुणाचा अपमान करणारे नव्हेत. मंचावर गेले. त्यांना गंध लावलं, खांद्यावर शाल घातली, हातात नारळ दिला आणि चौकटीतलं सन्मानपत्र दिलं. फोटो निघाला. भाऊंचा चष्मा खिशात होता. ते हात जोडून खाली आले आणि माझ्या शेजारून जाताना हळूच म्हणाले, "पाकीट मंग देतीन बहुतेक."

सन्मानपत्र त्यांच्या हातातून मी घेतलं आणि वाचलं. 'श्री. खंडारे यांनी परम एकीच्या कार्यास रुपये एक लाख अडतीस हजार इतके योगदान दिल्याबद्दल परिवार कृतज्ञ आहे.' खाली अध्यक्ष, सचिव, दोघांच्या सह्या.

उधारीचं योगदान करून टाकलं होतं. लोकांसमोर शाल पांघरून, फोटो काढून. माझी खात्री आहे, ही शक्कल वकिलांची होती. उद्या कोर्टात गेलं तर फोटो आहे, सन्मानपत्र आहे, हसतमुखानं स्वीकारलेला नारळ आहे. आपल्याकडे माणसाला लुटायचं असेल तर चोरासारखं यावं लागत नाही, सत्कार ठेवला की झालं. मी आयुष्यात पुष्कळ बनेल गिऱ्हाइकं बघितली. मोटर घेऊन पैसे न देता गायब झालेले, न वटणारे चेक देणारे, मेलेल्या भावाच्या नावावर उधारी टाकणारे. पण ज्याचं देणं आहे त्यालाच मंचावर बोलावून, त्याच्याकडून नमस्कार करवून घेऊन, देणं पुसणारे मी पहिल्यांदा बघत होते. 

तेवढ्यात माझं नाव पुकारलं. मलाही शाल होती, बावीस हजारांची.

मी मंचावर गेले आणि शाल घेतली नाही. माइक घेतला. तिथं मी काय बोलले ते सगळं आठवत नाही, पण शेवटचं आठवतं. म्हटलं, "इथं पानी गरम कराचा हीटर असन. आना तो. ह्या यंत्राले लावा. तीनपट वीज देते ना हे, मंग एक हीटर त्याले जड नाही."

गडबड उडाली. वकील उठले, "हा कार्यक्रम सत्काराचा हाये," म्हणाले. पण अकोला शाखेतल्या काहींना अमरावतीची फजिती बघायची होती, त्यांनी आचाऱ्याकडून हीटर आणून दिला. एकीचा मला तेवढा उपयोग झाला. मी यंत्राच्या तीन रिकाम्या मोटरी काढल्या आणि हीटर जोडला. कार्यालयाचं विजेचं मीटर मंचाच्या बाजूलाच भिंतीवर होतं, त्यावरचा लाल दिवा सगळ्यांना दिसत होता. वीज जितकी जास्त ओढली जाते तितका तो दिवा भराभर लुकलुकतो. मोटरी फिरत होत्या तोवर तो निवांत होता. हीटर लावला आणि चाकानं सुस्कारा टाकल्यासारखा आवाज केला. दिवा असा लपलपायला लागला की मोजता येईना. हीटरला लागत होती ती सगळी वीज, आणि वर चाकाच्या घर्षणात वाया जाणारी, असं सगळं भिंतीवरच्या मीटरमधून येत होतं.

मी म्हटलं, "पाहा. पहिल्या दिवसापासून हे यंत्र रिकाम्या मोटरी फिरवून राहिलं. एकाचे तीन कधीच झाले नाहीत."

तुम्हाला वाटेल सभागृह सुन्न झालं. नाही झालं. होमिओपॅथीचे डॉक्टर उभे राहिले आणि शांतपणे म्हणाले, "ताईंच्या मनात शंका होती, म्हणून यंत्रानं आज दिलं नाही." लोकांनी टाळ्या वाजवल्या. वकिलांनी हीटरची वायर ओढून काढली आणि माइकवर सांगितलं की परिवारातून एक व्यक्ती कमी झाल्यानं एकी वाढेल. फक्त पिंपळकर सर खुर्चीत बसून त्या लाल दिव्याकडे बघत राहिले. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. मी निघाले तरी ते तसेच बसून होते.

बाहेर फटफटीजवळ खंडारे भाऊ माझी वाट बघत उभे होते. शाल घडी करून वहिनींच्या पिशवीत गेली होती. मला वाटलं ते मला काहीतरी बरं बोलतील. खरं सांगायचं तर मला तशी अपेक्षा होती. भरल्या सभेत त्यांच्यासाठी मी भांडले होते.

भाऊ म्हणाले, "ताई, तुमी 'पहिल्या दिवसापासून' म्हटलं."

"हो."

"म्हनजे गॅरेजमंदी? माहं पहिलं चाक लावलं त्या दिवशी?"

"हो भाऊ. त्या रिकाम्या मोटरी पाहिल्या अन् मले समजलं."

 भाऊ म्हणाले, "त्या दिवशी मी फक्त एक चाक केलं होतं. अर्धे पैसे भेटले होते. बाकीचं सारं काम मी त्याच्यानंतर केलं. मी रोज चहा पेता पेता घरात सांगत होतो का यंत्र चालनार हाये, ताईनं पाहिलं हाये."

मी म्हटलं, "मी सरांले हीटरचं बोलली होती."

"मले नाही बोलल्या."

वहिनी मध्ये पडल्या, "जाऊ द्या ना, चला." पण भाऊ हलले नाहीत. त्यांच्या आवाजात राग नव्हता, हिशेब समजावून सांगतात तसा आवाज होता. "ताई, त्याइले समजतच नाही, ते येडे हायेत. त्याइच्याकडून मी काय मांगू? तुमाले समजत होतं. माहे पैसे तुमच्याकडं निंगतात."

मी रागानं लाल झाले. मी त्यांना म्हटलं, माझे बावीस हजार बुडाले, मला सभेतून काढलं, आणि वरून मीच देणेकरी? तुमाले काही लाजबीज? असंही म्हटलं. ते ऐकून घेतलं त्यांनी. बडनेऱ्याकडे जाणाऱ्या गाडीत बसल्यावरही मी मनात त्यांच्याशी भांडत होते. घरी आल्यावर दोन दिवस भांडत होते. प्रत्येक वेळी माझी बाजू मांडून झाली की एकाच जागी येऊन थांबायचे. माझ्या दुकानात गिऱ्हाइकानं मोटर आणली आणि ती जळणार हे मला दिसत असताना मी न सांगता भरून दिली, तर त्या गिऱ्हाइकानं मला काय म्हणावं? चूक एकाच जागी आहे, आणि ती जागा माझी आहे. हे मला पटत नव्हतं असं नाही. पटलं होतं म्हणूनच राग येत होता.

दसऱ्याच्या चार दिवस आधी मी बँकेतली ठेव मोडली आणि भाऊंची सगळी रक्कम घेऊन अकोल्याला गेले. वर्कशॉपमध्ये लेथ चालू होता. भाऊंनी तो बंद केला, हात पुसले, पैसे घेतले आणि व्यापाऱ्याच्या माणसाला माझ्यासमोरच फोन लावला. वहिनींनी चहा केला. चहा पिताना आम्ही कापसाच्या भावाबद्दल बोललो. लेथ जागेवर राहिला, तो अजून आहे.

परिवार अजून भरतो म्हणे, आता धामणगावलाही शाखा निघाली आहे. वकील तिथं भाषण देतात. पिंपळकर सर जात नाहीत असं ऐकते. त्यांनी मला एकदा फोन केला आणि फक्त विचारलं, "ताई, त्या दिवशी हीटर किती वॅटचा होता?" मी सांगितलं. ते बरं म्हणाले आणि ठेवून दिला.

खंडारे भाऊंकडे अजून शाफ्टच्या मोटरी येतात, पूर्वीसारख्याच. वाइंडिंगला आता ते दुसऱ्या एकाकडे पाठवतात, शेगाव रोडवरच्या. त्याचं काम मी बघितलं आहे, वार्निश नीट आत जात नाही. मी एकदा न राहवून भाऊंना फोन केला आणि म्हटलं, त्याचं काम चांगलं नाही भाऊ, दोन वर्षांत परत येईल. ते म्हणाले, "मले ठाव हाये ताई. पन मोटर कायनं जळली ते तो मले सांगते."